ती पडकी मशीद नव्हे, ईदगाह आहे

धुळे-जळगावकडच्या गावांत वस्तीच्या कडेला, पुष्कळदा कब्रस्तानाला लागून, एकच लांब पांढरी भिंत उभी दिसते. दोन टोकांना बुटके मिनार, मध्ये कमानीचा कोनाडा, समोर मोकळं मैदान. नवखा माणूस सहज म्हणून जातो, "जुनी मशीद दिसतेय, छप्पर पडलंय." छप्पर पडलेलं नाही, ते कधी नव्हतंच. ती ईदगाह.

मशीद रोजच्या पाच नमाजांसाठी असते. म्हणून तिला रोजचं सगळं लागतं: छप्पर, वजूसाठी (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) हौज किंवा नळांची रांग, चपलांची जागा, अजान द्यायला मुअज्जिन, नमाज पढवायला इमाम. ईदगाह भरते वर्षातून दोनदा, रमजान ईदला आणि बकरी ईदला. त्यामुळे तिच्यात अगदी नडीपुरतं उरतं: पश्चिमेची भिंत, तिच्यातला मेहराब म्हणजे तो कमानीचा कोनाडा, आणि मेहराबाकडे तोंड केलं की उजव्या हाताला येणारा पायऱ्यांचा मिंबर, म्हणजे प्रवचनाची जागा. वजू लोक घरूनच करून येतात.

घुमटावरून मात्र काही ठरवू नका. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर. तिथली 1589 च्या सुमाराची जामा मशीद पाहा. दोन उंच मिनार आहेत, अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, घुमट नाही. तरी ती मशीदच.

उघड्यावर ईद पढण्याची रीत मदिनेची. पैगंबर मुहंमद ईदची नमाज वस्तीबाहेरच्या मैदानात पढवत. त्या जागी पुढे मस्जिद अल-गमामा उभी राहिली. मक्केत मात्र ईदची नमाज काबेभोवतीच्या मस्जिद अल-हराममध्येच होते.

ईदगाहची भिंत दिसते सोपी, पण घोळ होतो तो तिच्यातच. पहिला घोळ दिशेचा. खानदेश आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही 21 अंशांच्या आसपास. म्हणून 'तोंड मावळतीला' हा जुना हिशेब इथे बराच जुळतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे मक्केची सर्वांत जवळची वाट थोडी उत्तरेकडून निघते, आणि जळगावहून किबला, म्हणजे नमाजात तोंड करायची मक्केची दिशा, पश्चिमेच्या सुमारे 7 अंश उत्तरेला येतो. नवी 100 फुटी भिंत आखायची तर तिचं उत्तरेचं टोक नेमक्या उत्तर-दक्षिण रेषेपासून 12 फूट पूर्वेला सरकवावं लागतं. जुन्या भिंतींनी हे पाळलं नाही म्हणून नमाज बिघडत नाही. हनफी फिकहात, म्हणजे हनफी परंपरेच्या धर्मनियमांत, 45 अंशांपर्यंतचा फरक चालून जातो.

आखणीसाठी होकायंत्र लोखंडी सळयांच्या ढिगाजवळ धरू नये, ते भलतंच दाखवतं. त्यापेक्षा 28 मेची दुपार गाठावी (लीप वर्षात 27). आपल्या घड्याळात 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर असतो. ओळंबा लावून काठी सरळ उभी करा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी रेषा म्हणजे किबला. त्या रेषेला 3-4-5 च्या दोरीने (3, 4 आणि 5 मापांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून) काटकोन काढला की भिंतीची ओळ मिळाली. असाच योग 16 जुलैला 2 वाजून 57 मिनिटांनी येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असायचं. मे महिन्यातलं खानदेशातलं ऊन या एका कामाला तरी उपयोगी.

दुसरा घोळ जमिनीचा. मशिदीच्या चार भिंती आणि छप्पर एकमेकांना धरून ठेवतात; ईदगाहची भिंत एकटी उभी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया वरच्यावर असला की भिंत कलते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा आणि मागून थोड्या-थोड्या अंतरावर टेकू बांधावेत.

मैदानाचं गणित सरळ आहे. एका माणसाला 2 फूट रुंद, 4 फूट लांब जागा, म्हणजे 8 चौरस फूट. गुंठ्यात 1089 चौरस फूट, म्हणजे सव्वाशेच्या वर माणसं. एकरात वाटा सोडून पाच हजार धरा. सफांसाठी, म्हणजे नमाजाच्या रांगांसाठी, फक्कीच्या रेघा 4-4 फुटांवर मारतात. त्या भिंतीला समांतर हव्यात. घाईत रस्त्याला समांतर मारल्या की मागच्या सफा तिरक्या जातात.

नमाजही वेगळी. जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मशिदीत अजान होते, आधी खुतबा (प्रवचन), मग नमाज. ईदला अजान नाही, इकामत (नमाज उभी राहताना दिलेली दुसरी हाक) नाही. आधी दोन रकात (नमाजाची आवर्तनं), खुतबा नंतर. वेळ सूर्य जरा वर आल्यापासून दुपारच्या जवालच्या (सूर्य माथ्यावरून कलण्याच्या) आत. पाऊस लागला की जमात (एकत्र नमाज) मशिदीत हलते, आणि ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकत असल्यामुळे काही वर्षं ती पावसाळ्यात सापडतेच.

खरी गफलत जादा तकबिरांत, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणण्यात, होते. हनफी पद्धतीत त्या सहा. पहिल्या रकातीत किरातच्या (कुराणपठणाच्या) आधी तीन: दोनदा हात कानापर्यंत नेऊन खाली सोडायचे, तिसऱ्यांदा बांधायचे. दुसऱ्या रकातीत किरात संपल्यावर तीन, आणि तिन्ही वेळा हात सोडायचे. चौथ्या तकबिरीला हात न उचलता रुकू, म्हणजे कमरेत वाकणं. रोजच्या नमाजात किरात संपून तकबीर झाली की माणूस वाकतो, ती सवय इथे नडते. इमामाची दुसऱ्या रकातीतली पहिली जादा तकबीर होते आणि सफेत दोन-चार जण सरळ रुकूत जातात, मग शेजारच्यांचे सुटलेले हात डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून हळूच सरळ होतात.