टेक्सासची तेलविहीर आणि अमेरिकेचे परराष्ट्र धोरण

१९५६ साली ब्रिटन आणि फ्रान्सने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. कालवा बंद पडला, युरोपात जाणारे तेल अडले. दोन्ही देश सैन्य मागे घेण्यास तयार होईपर्यंत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अमेरिकी तेलाची मदत रोखून धरली. एकही गोळी न झाडता दोन मित्रराष्ट्रांना माघार घ्यायला लावणे त्यांना साधले, यात तेलाचा वाटा मोठा होता.

ही ताकद आली कुठून? टेक्सासमध्ये कोणत्या विहिरीतून किती तेल उपसायचे हे तिथले रेलरोड कमिशन ठरवत असे. नाव रेल्वेचे, पण काम तेलाचे. भाव कोसळू नयेत म्हणून ते उपशावर मर्यादा घाली, आणि त्यामुळे गरजेला वाढवता येईल इतके उत्पादन कायम हाताशी राही. कमिशनचे तिन्ही सदस्य मात्र टेक्सासच्या मतदारांनी निवडलेले. १९५७ च्या हिवाळ्यात युरोपला तेल हवे असताना त्यांनी मर्यादा वाढवायला आधी टाळाटाळच केली, आणि लंडनमध्ये संताप उसळला.

देशी उत्पादकांचा हाच दबाव पुढे महागात पडला. स्वस्त परदेशी तेलाने आपण बुडू, या त्यांच्या ओरडीवर १९५९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आयातीवर सक्तीची मर्यादा आली. शेजारच्या कॅनडा आणि मेक्सिकोला सवलत मिळाली, व्हेनेझुएलाला नाही. तिथले तेलमंत्री पेरेझ अल्फोन्झो यांनी टेक्सासची पद्धत बारकाईने अभ्यासली होती. सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला ‘ओपेक’ ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना स्थापन झाली, तिच्या शिल्पकारांत ते होते.

इकडे आयात रोखल्यामुळे अमेरिकेने आपलेच तेल आधी संपवायला घेतले. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरबांनी तेल रोखले, तेव्हा टेक्सासने उपसा वाढवून तो डाव फसवला. १९७० मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचले आणि मग घसरू लागले. ऑक्टोबर १९७३ चा तेलबहिष्कार सगळ्यांच्या लक्षात आहे; मला १९७२ जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी कमिशनने पूर्ण क्षमतेने उपशाला परवानगी दिली. म्हणजे हाताशी राखलेले असे काही उरलेच नव्हते. पुढच्या वर्षी अरबांनी तेल रोखले तेव्हा भाव तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला.

बहिष्कार सुरू झाल्यावर महिनाभरातच, पर्यावरणाच्या वादात अडकलेल्या अलास्का तेलवाहिनीला संसदेने मोकळीक दिली. १९७५ च्या कायद्याने कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी आली आणि राखीव साठा उभा राहिला. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केले, की पर्शियन आखात ताब्यात घेण्याचा बाहेरच्या कोणत्याही शक्तीचा प्रयत्न अमेरिका गरज पडल्यास लष्करी बळाने हाणून पाडेल.

शेल तेलाने, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाने, चित्र पुन्हा पालटले. २००८ मध्ये जेमतेम ५० लाख पिंपे असलेले दैनंदिन उत्पादन २०१९ मध्ये १ कोटी २० लाखांवर गेले. २०१५ अखेर निर्यातबंदीही उठली. पण शेलच्या विहिरी खासगी कंपन्यांच्या आहेत, आणि टेक्सासचे कमिशन १९७० च्या दशकापासून तसा लगाम घालत नाही. म्हणून २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने भाव भडकले, तेव्हा बायडेन यांनी राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपे काढायचे ठरवले आणि जुलैमध्ये ते सौदी अरेबियात जेद्दाला गेले. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबिया आणि रशियाचा समावेश असलेल्या ‘ओपेक प्लस’ने उत्पादन दिवसाला २० लाख पिंपांनी कमी करण्याचा निर्णय घेतला.