ॲस्पर्जर हे नाव आलं कुठून, गेलं कुठे : सीमाभागातल्या आईबाबांसाठी पार्श्वभूमी

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला तपासायला बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरला नेलं, की हल्ली कागदावर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असं लिहून मिळतं. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि ‘ॲस्पर्जर’ हा शब्द सापडतो. वर्णन आपल्या बाळाशी जुळतं. मग डॉक्टरांनी हे का नाही लिहिलं? त्यांचं काही चुकलेलं नाही. ते नाव निदानाच्या यादीतूनच गेलं आहे.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन केलं आणि स्वमग्नतेला, म्हणजेच ऑटिझमला, वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्जर यांनी बोलण्यात पटाईत, एखाद्या विषयात खोल बुडालेली, पण इतर मुलांत मिसळता न येणारी मुलं नोंदवली. त्या दोघांच्याही आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी अशा सहा मुलग्यांवर लिहिलं होतं. त्यांना श्रेय मिळायला फार उशीर झाला, हे मला आजही खटकतं.

ॲस्पर्जर यांचा जर्मन लेख बराच काळ बाजूलाच पडून होता. १९८१ मध्ये इंग्लंडच्या लोर्ना विंग यांनी तो पुढे आणला आणि ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीची आईही. १९९४ मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेत हे नाव आलं, पण एका अटीवर: दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द आणि तिसऱ्या वर्षापर्यंत छोटी वाक्यं आलेली हवीत. त्यामुळे हे निदान बहुतेकदा शाळेत गेल्यावरच व्हायचं. शिवाय सारख्याच मुलांना एका दवाखान्यात एक नाव मिळे, दुसऱ्यात दुसरं. म्हणून २०१३ मध्ये त्याच पुस्तिकेत हे सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आणलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची तशीच नवी यादी २०२२ पासून लागू आहे. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी आणखी एक गोष्ट कागदपत्रांनिशी मांडली. नाझी काळात जिथे अपंग मुलांना मारलं जाई, त्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ संस्थेत ॲस्पर्जर यांनी मुलं पाठवली होती. तेव्हापासून अनेकांना हे नाव नकोसं झालं.

या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग आयांचा आहे. १९५०-६० च्या दशकांत ‘आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं’ हे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ते पुराव्यानिशी खोडून काढलं. आपल्याकडे ‘आई नोकरीला जाते म्हणून’ हे अजून ऐकू येतं. ते तितकंच खोटं आहे.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आज घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, नर्सरीत इंग्रजी. मूल बोललं नाही की आज्जी म्हणते, ‘इतक्या भाषा कानावर पडतात, गोंधळलंय बाळ. त्याचा मामाही चौथ्या वर्षी बोलला.’ त्यात मोलाचं एखादं वर्ष निघून जातं. उलट, निदान झाल्यावर काही घरांना ‘आता एकच भाषा बोला’ असा सल्ला मिळतो आणि इथे त्याचा अर्थ बहुधा मराठी सोडा असाच होतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आई ज्या भाषेत मोकळी होते, तीच बाळाला हवी. बोलणं लांबलं, तर आधी कान तपासावेत आणि विकासाची तपासणीही लगेच करून घ्यावी.

जे मूल भरपूर बोलतं, ते तर सगळ्यांच्याच नजरेतून निसटतं. बेळगावातल्या शहापुरात आमच्या ओळखीच्या घरात तीन वर्षांचा एक मुलगा आहे. बसस्थानकावरच्या गाड्यांची नावं तो क्रमानं म्हणतो, खानापूर, निपाणी, संकेश्वर, तेही घोषणेच्या सुरात, कन्नडमधून. पाहुणे कौतुक करतात. पण पडून गुडघा फुटला तरी तो आईला दाखवायला येत नाही, हाक मारली तर वळत नाही, विमान दिसलं तर बोट दाखवत नाही. त्याच्या आईनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली आहेत: चप्पल, बस, आज्जीचं घर. बाहेर निघण्याआधी ती एकेका चित्रावर बोट ठेवते आणि तेवढंच बोलते. बदल आधी कळला की त्याचा आकांत कमी होतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल जवळ आले की ती त्याच्या कानांवर हेडफोन चढवते आणि त्याला मागच्या खोलीत नेते. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणून ती हनुवटी धरत नाही. खेळायला बसली की तीही बसच चालवते, कारण तो तिथेच भेटतो.

कायद्यालाही वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत तिची नोंद झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची विकासाच्या दृष्टीनंही तपासणी होते, तेव्हा अंगणवाडीताईंना आपली शंका सांगून ठेवावी. उपचार सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्राची गरज नसते. आणि ते मिळालं की २०१६ च्या कायद्यानुसार देशभर ग्राह्य धरलं जातं, म्हणजे बेळगावात काढलेलं कोल्हापुरातही चालतं.