प्लेसमेंट टेस्ट म्हणजे प्रवेश परीक्षा नव्हे

‘कम्युनिटी कॉलेजच्या परीक्षेत नापास झालं की प्रवेश गेला’ असं अमेरिकेतल्या मराठी घरांतून अजूनही ऐकू येतं. हे साफ चूक आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचं सरकारी कॉलेज; तिथे प्रवेश सगळ्यांना खुला असतो. प्लेसमेंट टेस्ट ठरवायची ते एवढंच, की गणित-इंग्रजीची सुरुवात कुठल्या वर्गापासून करायची.

खरं नुकसान तिथेच व्हायचं. अपूर्णांकांत चार चुका झाल्या की पुन्हा शाळेचंच गणित, कधी दोन-तीन सत्रं! फी भरायची, पण त्या वर्गांचं क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरलं जात नसे. कित्येक हुशार मुलं तिथेच गळाली, याचं फार वाईट वाटतं.

२०१२ मधल्या संशोधनात शाळेतले गुण या टेस्टपेक्षा भरवशाचे ठरले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘एबी ७०५’ कायदा करून तेच गुण पाहणं बंधनकारक केलं. कॉलेजच्या काउन्सेलरकडे (मार्गदर्शकाकडे) जाताना गुणपत्रिका सोबत न्याच.