टँकलेस आणि ३ लिटरचा इन्स्टंट: गिझर बसवण्याचे पैसे नेमके कशात जातात?

बाथरूमचं काम निघालं की घरातलं कोणीतरी फोनवर वाचून येतं. टँकलेस घ्या, जागा वाचते, गरम पाणी संपत नाही, बिल निम्म्यावर येतं. मग लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, किंवा घराजवळच्या दुकानात विचारणा होते, "काका, टँकलेस आहे ना?" काका फळीवरून ३ लिटरचा खोका उतरवतात. "हा घ्या ताई, इन्स्टंट. बटण दाबलं की गरम पाणी." ताई पैसे देऊन निघतात आणि जानेवारीत तक्रार करतात की शॉवरला कोमट पाणीसुद्धा धड येत नाही, कंपनीने फसवलं.

कंपनीने फसवलेलं नसतं. हवी होती एक वस्तू, घरी आली दुसरी. दर हिवाळ्यात हे ऐकून मी कंटाळलो आहे, म्हणून यातलं जे खरंच अडतं तेवढं सविस्तर लिहितो.

१५ लिटरचा स्टोरेज गिझर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. टाकी, २ किलोवॅटची कॉइल, पाणी तापलं की दिवा बंद. ३ लिटरचा इन्स्टंट हा त्याचाच धाकटा भाऊ. त्यातही टाकी आहे, फक्त ३ लिटरची, आणि कॉइल बहुधा ३ किलोवॅटची. खऱ्या टँकलेसमध्ये पाणी साठतच नाही, नळीतून वाहता वाहता तापतं. असं यंत्र मुंबईत बहुतेकांनी पाहिलंय, तो म्हणजे गॅस गिझर. विजेवर चालणारे टँकलेसही असतात. युरोपात ते सर्रास १८, २१, २४ किलोवॅटचे आणि थ्री-फेजवर (घरी नेहमी येते त्या सिंगल फेजऐवजी तीन फेजच्या जोडणीवर) मिळतात. आकार, रंग, डिजिटल आकडा, रिमोट हे बाकीचे फरक बिनमहत्त्वाचे आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

खरी मेख आहे खोक्यावरच्या 'लिटर'मध्ये.

स्टोरेज किंवा इन्स्टंटच्या खोक्यावर ३, ६, १५ लिटर लिहिलं असेल तर तो टाकीचा आकार. गॅस गिझरच्या खोक्यावर ६ लिटर लिहिलं असेल तर ते मिनिटाला ६ लिटर, तेही साधारण २५ अंशांनी तापवून. एक आकडा साठ्याचा, दुसरा वेगाचा. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून "६ लिटरचा गॅस ६ हजारांना आणि ६ लिटरचा इलेक्ट्रिकही तेवढ्यालाच" अशी तुलना करतात. ही तुलनाच होत नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट लागतात, म्हणजे इन्स्टंटच्या साडेतीनपट ताकद. ती गॅस गिझरच्या ज्योतीत असते, ३ लिटरच्या डब्यात नसते.

आता हेच मुंबईच्या पाण्याला लावून पाहू. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीच्या सकाळी २५ अंशांच्या आसपास धरा, आंघोळीला ४२ अंश पुरे. म्हणजे १७ अंश वाढवायचे. एवढ्या वाढीसाठी हिशेब सोपा आहे: मिनिटाला जितके लिटर पाणी हवं, त्याच्या साधारण १.२ पट किलोवॅट लागतात. साध्या शॉवरला मिनिटाला ८ लिटर लागतात, म्हणजे साडेनऊ किलोवॅट. ३ किलोवॅटचा इन्स्टंट त्या वेगाने पाणी सोडलं तर जेमतेम ५ अंश वाढवतो. टाकीतलं तापलेलं ३ लिटर पाणी पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात निघून जातं आणि मग डोक्यावर कोमटही नाही असं पाणी येतं. तो मिनिटाला अडीच लिटरच नीट तापवू शकतो. ४.५ किलोवॅटचा घेतलात तरी पावणेचार लिटर.

बादलीचं गणित वेगळं आहे. १८ लिटरची बादली १७ अंशांनी तापवायला ०.३६ युनिट लागतात. ३ किलोवॅटचा इन्स्टंट नळ बारीक ठेवून ती ७ मिनिटांत भरून देतो. ज्या घरात बादलीने आंघोळ होते तिथे ३ लिटरचा इन्स्टंट उत्तम आहे, मी तोच घ्यायला सांगतो.

आणि इथेच दुसरा गैरसमज येतो: "३ किलोवॅट म्हणजे २ किलोवॅटपेक्षा बिल जास्त." नाही. तीच बादली २ किलोवॅटवर ११ मिनिटांत तापते, ३ किलोवॅटवर ७ मिनिटांत, आणि युनिट दोन्हीकडे तेच ०.३६. बिल पाण्याच्या प्रमाणावर ठरतं. किलोवॅटवर ठरतो तो बसवण्याचा खर्च. वायर, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), स्विच, मीटरचा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वापरायची परवानगी), सगळं त्या एका आकड्यामागे येतं, आणि नेमका तोच आकडा खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'लिटर'. याचा मला मनापासून राग येतो.

३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. जुन्या गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट असेल, अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल, अर्थिंग जिवंत असेल, तर नवीन काही करावं लागत नाही. गिझर अडीच ते साडेचार हजार, प्लंबरची मजुरी, कनेक्शन पाइपची जोडी, लागलाच तर एक अँगल कॉक. सगळं मिळून पाच-सहा हजारांत काम आटोपतं.

४.५ किलोवॅट म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. इथे १६ अँपिअरचा प्लग चालत नाही. तरी लावतात. अशा घरात प्लग काढून बघा: पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं असतं, सॉकेटचं भोक एका बाजूने ओघळलेलं, आणि जळकट वास. इलेक्ट्रिशियन सॉकेट बदलून देतो, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. या गिझरला डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबोर्डापासून, थेट ४ चौरस मिलिमीटरची वायर, २५ अँपिअरची स्वतंत्र एमसीबी आणि प्लगऐवजी डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लागतो. जुन्या इमारतींत डीबी दारापाशी आणि बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्या अंतराची वायर, भिंतीतली खाच, मग प्लास्टर, मग रंग. गिझरपेक्षा त्याची वाट महाग पडते. दीड किलोवॅटच्या वाढीसाठी हे करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

साडेनऊ किलोवॅटचा विजेचा टँकलेस सिंगल फेजवर ४१ अँपिअर ओढतो. आपल्या विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी बघा. वन-बीएचकेमध्ये तो बहुधा या एकट्या गिझरइतकाही नसतो. म्हणजे भार वाढवण्याचा अर्ज, अनामत, थ्री-फेज मीटर, मीटरच्या खोलीपासून वरपर्यंत नवी केबल आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी. वर थ्री-फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त. घरात एसीसाठी आधीच थ्री-फेज असेल तर विचार करा. नसेल तर विजेच्या टँकलेसच्या वाटेला जाऊ नका.

मग परदेशातले लोक एवढं कौतुक का करतात? त्यांची तुलनाच वेगळ्या वस्तूशी आहे. अमेरिकेत घरोघरी दीडशे-पावणेदोनशे लिटरची टाकी असते आणि ती चोवीस तास गरम ठेवतात. तिथल्या ऊर्जा खात्याचा आकडा सगळीकडे फिरतो: रोज ४१ गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १५५ लिटर गरम पाणी वापरणाऱ्या घरात टँकलेस २४ ते ३४ टक्के अधिक कार्यक्षम. ती बचत मुख्यतः टाकी दिवसरात्र गरम ठेवण्यात वाया जाणाऱ्या उष्णतेची. आपण गिझर आंघोळीआधी लावतो आणि नंतर आई बाहेरून ओरडते म्हणून बंद करतो. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून थेंबही न वापरता थंड होऊ दिलं तरी नुकसान साधारण ०.६ युनिट. याहून जास्त बचत टँकलेस आपल्याला देऊच शकत नाही, कारण त्याहून जास्त वाया जातच नाही. स्टोरेज गिझरवरचे स्टारसुद्धा हीच गळती मोजतात. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्याने पाच स्टारचे पैसे जरूर मोजावेत, पंधरा मिनिटांत बंद करणाऱ्याला त्याचा फायदा थोडाच.

शॉवर हवा असेल तर दोनच शहाणे पर्याय उरतात. एक, १५ लिटरचा स्टोरेज. ६० अंशांचं १५ लिटर पाणी थंड पाण्यात मिसळून ४२ अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे पावणेचार मिनिटांचा शॉवर. अंगाला साबण लावताना नळ बंद ठेवला तर एका माणसाला पुरतं. पाठोपाठ आंघोळी असतील तर २५ लिटरचा घ्या. वायरिंग तेच जुनं, फक्त भिंत भक्कम हवी. भरलेला २५ लिटरचा गिझर पस्तीस किलोच्या आसपास जातो, तो पोकळ विटांच्या भिंतीत स्क्रूच्या साध्या प्लास्टिक प्लगवर टांगू नये.

दुसरा, गॅस गिझर. घरात पाइपचा गॅस असेल तर चालवायचा खर्च कमी पडू शकतो. एका घनमीटर गॅसमध्ये साधारण १० युनिटांइतकी उष्णता असते, त्यातली आठेक पाण्यात उतरते. म्हणून गॅसच्या बिलावरचा घनमीटरचा दर ८ने भागा आणि तो आकडा विजेच्या तुमच्या वरच्या स्लॅबच्या दराशी ताडून पाहा. पण बसवण्याचा खर्च खोक्याच्या किमतीवर थांबत नाही. पाइपचा गॅस पुरवणाऱ्या महानगर गॅसकडून वाढीव पॉइंट घ्यावा लागतो, तिथे नाक्यावरच्या प्लंबरला हात लावू देऊ नका. धूर बाहेर नेणारा पाइप, त्यासाठी भिंतीला भोक, बाहेरच्या बाजूसाठी सोसायटीचं पत्र. सिलिंडरचा गिझर पाइपच्या गॅसवर तसाच जोडता येत नाही, दोन्हींचा दाब आणि जेट (ज्योतीला गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे असतात. खरेदी करतानाच पीएनजीचा, म्हणजे पाइपच्या गॅसचा, मागा.

आणि तो बाथरूमच्या आत लावायचा नाही. दुकानात "खिडकी आहे ना, मग चालतंय" असं सर्रास सांगतात. चालत नाही. थंडीत खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आपणच बंद करतो, कुठे तर त्यावर प्लास्टिक लावलेलं असतं. बंद खोलीत ज्योत हवेतला ऑक्सिजन संपवते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, घुसमटल्यासारखंही वाटत नाही, डोकं दुखून गरगरतं आणि कारण कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या या शहरात वारंवार येतात. गिझर कोरड्या बाल्कनीत किंवा हवेशीर पॅसेजमध्ये लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. तशी जागा नसेल तर गॅस गिझरचा विषय तिथेच बंद करा, कितीही स्वस्त पडत असला तरी.

दाबाचंही बघावं लागतं. गच्चीच्या टाकीखालच्या मजल्यावर दोन-तीन मीटरचाच उतार मिळतो, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. एवढ्या दाबावर बरेच गॅस गिझर पेटतच नाहीत, नुसती टक्-टक् करत राहतात आणि आपण सेल बदलत बसतो. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर उलट, दाब जास्त. तिथे ८ बारचा दाब सोसणारा गिझर मागा.

दुकानात जाण्याआधी घरी एक मोजणी करा. शॉवरखाली १८ लिटरची बादली ठेवा, नेहमीइतकाच नळ सोडा आणि घड्याळ लावा. सव्वादोन मिनिटांत भरली तर तुमचा वेग मिनिटाला ८ लिटर, तीन मिनिटांत भरली तर ६. त्याला १.२ने गुणा आणि आलेले किलोवॅट खोक्याच्या कडेच्या बारीक अक्षरांशी ताडून पाहा.