चोवीस, पंचवीस आणि तेवीस पूर्णांक काहीतरी

अंधेरीतल्या साउंड स्टुडिओत नवी हार्ड डिस्क आली की पहिला प्रश्न ठरलेला: "पिक्चर कितीचं आहे?" उत्तर येतं, "चोवीस." मग तिथला जुना माणूस डोळे बारीक करतो. "चोवीस म्हणजे चोवीसच, की ट्वेंटी थ्री नाइन्टी एट?" एडिटच्या पोराला हा प्रश्न खवचट वाटतो. पण प्रश्न पिक्चर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती स्थिर चित्रं, दाखवतं याचा आहे, आणि त्याच्यामागे शंभर वर्षांची भानगड आहे.

मूकपटांना ठरलेला वेग नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता, आणि थिएटरातला प्रोजेक्टरही पुष्कळदा हातानेच चाले. सेकंदाला सोळा फ्रेम, अठरा, वीस. हात दुखला की आणखी कमी. डोळा हे सगळं चालवून घेतो. कानाचं तसं नाही, वेग हलला की सूर हलतो आणि ते लगेच कळतं. बोलपट आले तेव्हा वेगाला खुंटी मारावीच लागली: मिनिटाला ९० फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम. फिल्म फार हळू पळवली तर तिच्या कडेच्या साउंड ट्रॅकवर वरचे, बारीक आवाज नीट उमटत नाहीत; जोरात पळवली तर निर्मात्याचा खिसा फाटतो. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तोवर हा आकडा जगभर रुळला होता.

पुढची कित्येक वर्षं मुंबईत या बाबतीत कुणाचं डोकं दुखलं नाही. पुढेपुढे तर इथले कॅमेरे इतके खडखडत की सेटवरचा आवाज फक्त आधाराला ठेवायचा आणि नट नंतर डबिंग थिएटरात येऊन सगळे संवाद पुन्हा बोलायचे. ते ३५ एमएमच्या मॅग्नेटिकवर, म्हणजे चुंबकीय लेपाच्या फिल्मवर, उतरायचे, आणि मॅग्नेटिकला पिक्चरसारखीच कडेला भोकं. दोन्ही रिळं एकाच दात्यांवर जोडून पळवली की आवाज सरकणार कुठे? परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई मिक्सिंग करत त्या काळात सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळणं, ही अशी हाताला लागणारी गोष्ट होती. डिजिटल आलं आणि भोकं गेली. आवाज आता सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची बारीक मोजमापं, मोजत आपल्या घड्याळाने चालतो, पिक्चर त्याच्या घड्याळाने. दोन्ही घड्याळं एक आहेत हे कुणीतरी बघावं लागतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पंचवीसचा आकडा विजेच्या तारेतून आला. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीची फ्रेम तिच्या निम्मी, सेकंदाला २५. आपली वीजही तीच, त्यामुळे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते पंचवीसवरच. चोवीसचा सिनेमा तिथे दाखवायचा सोपा उपाय म्हणजे तो सरळ पंचवीसने पळवणं. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सूर मात्र वर जातो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एककडे निघतं, पण तिथवर पोचत नाही. अर्ध्या स्वराच्या साधारण सत्तर टक्के वर जाऊन दोन पट्ट्यांच्या फटीत लटकतं. रविवारी संध्याकाळी टीव्हीवरच्या गाण्याबरोबर पेटी धरून बसलेल्या माणसाला आपलीच पेटी उतरली असं वाटलं असेल, तर त्यात त्याची चूक नाही.

अमेरिकेची कहाणी जास्त वाकडी. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून टीव्ही तीसवर. १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून इंजिनिअरांनी वेग हजारात एकाने उतरवला: तीसचे २९.९७. पुढे तिथला सिनेमा व्हिडिओवर चढला तो याच मापाने, चोवीसचा २३.९७६ होऊन. हेच ते बोलीतलं 'ट्वेंटी थ्री नाइन्टी एट'. इथे ती टीव्हीपद्धत कधी नव्हतीच. तरी तिची ही शेपटी आपल्याकडे आली. परदेशी कॅमेऱ्यांतून आली, डबिंगला येणाऱ्या इंग्रजी सिनेमांबरोबर आली, मग ओटीटीबरोबर. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत तर सरळ '२४' लिहिलेलं असतं आणि फाइल निघते २३.९७६ ची. हा मला चावटपणाच वाटतो.

हजारात एक म्हणजे काय एवढं, असं वाटेल. समजा २३.९७६ च्या पिक्चरखाली चोवीसचा मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून झालेला तयार ट्रॅक, टाकला. सुरुवात चोख जुळते. पण पिक्चर किंचित संथ असल्याने आवाज हळूहळू पुढे पळतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते कळायला लागतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत खपून जातं. साहजिक आहे, निसर्गातही वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर. उलटं आपण कधी अनुभवलेलंच नाही. या हिशोबाने पाऊण मिनिटातच ओठ खटकायला लागतात. वीस मिनिटांच्या रिळाच्या शेवटी आवाज १.२ सेकंद पुढे असतो, म्हणजे दार आपटलेलं आधी ऐकू येतं आणि मग नायिका दाराकडे चालायला लागते.

मी हे स्वतः केलं आहे. एका मराठी सिनेमाचं तिसरं रीळ अख्खी रात्र जागून हाताने सरकवत बसलो होतो. प्रत्येक संवाद थोडा मागे, पुढचा आणखी थोडा मागे. सकाळी एक सीनियर चहाचा कप घेऊन आत आले, स्क्रीनकडे बघितलंही नाही, म्हणाले, "शेवटची पिप कितीला आहे?" पिप म्हणजे सिंक तपासायला रिळाच्या दोन्ही टोकांना ठेवलेला छोटा आवाज. पिक्चरच्या दोन सेकंद आधी वाजणारी पिप मी तपासली होती. शेवटची नव्हती.

तेव्हापासून मी फ्रेम रेट नंतर विचारतो, आधी लांबी. सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. चोवीसचं पंचवीस झालं म्हणजे पिक्चर पळवलं, असं नेहमी नसतं. कधी सॉफ्टवेअर सेकंदाला एक फ्रेम जास्तीची घालतं आणि लांबी तीच राहते. तेव्हा आवाजाला हात लावायचा नाही. पळवलं असेल तरच तो आखडायचा. चोवीसवरून २३.९७६ ला जाताना ४८,००० चे सॅम्पल ४७,९५२ च्या चालीने वाजवून पुन्हा ४८,००० वर आणायचे. सुरातला फरक इतका बारीक की गवयालाही जाणवत नाही. पंचवीसला मात्र ठरवावं लागतं. सूर चढू द्यायचा, की लांबी आखडून सूर जागेवर ठेवायचा? संवादाला दुसरा उपाय बरा पडतो. तबल्यावर तो चालवला तर चाटेची धार जाते, थाप ओल्या कापडावर पडल्यासारखी ऐकू येते. आणि ५.१, म्हणजे सहा चॅनलचा आवाज, असेल तर सगळे चॅनल एका घासात आखडायचे. वेगवेगळे आखडले की फेज फिरतो, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मधला आवाज पोकळ होतो.

अडीच तासांच्या सिनेमाच्या डिलिव्हरीच्या कागदावर आता मी तीन ओळी लिहितो. थिएटर, २४, १५० मिनिटं. टीव्ही, २५, १४४ मिनिटं. परदेश, २३.९७६, १५० मिनिटं ९ सेकंद. प्रत्येकीपुढे दोन चौकोन असतात, पहिली पिप आणि शेवटची पिप. दुसऱ्यात बरोबरची खूण पडल्याशिवाय डिस्क खोलीबाहेर जात नाही.