मानेवरची पांढरी पट्टी

जुलै महिना. तीन दिवस वाऱ्याने झोडपून काढलं होतं. चौथ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर लाटांनी टाकलेल्या ओंडक्यांत एक मोठा पक्षी बसलेला दिसला. डोकं आणि पाठ तपकिरी, पोट पांढरं. माणसं जवळ गेली तरी उडेना.

"ह्यो बगळो न्हंय, बदकय न्हंय," शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले.

कुणीतरी कुरव, म्हणजे सीगल, म्हणालं. पण कुरव आपल्याकडे थंडीचे पाहुणे, भर पावसात क्वचितच दिसणारे. मग मी पाय पाहिले. कुरव आणि बदक यांच्या पुढच्या तीन बोटांतच पडदा असतो, मागचं बोट सुटं. इथे चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली. असे पाय पाणकावळ्याचेही असतात, पण त्याची चोच टोकाला आकड्यासारखी वळते. ही सरळ आणि अणकुचीदार होती. म्हणजे बूबी, सूर मारून मासे पकडणारा समुद्रपक्षी!

पण कोणता बूबी? खरी कसोटी इथे लागते. मास्क्ड बूबीचं चित्र पुस्तकात पाहिलं की पांढराशुभ्र पक्षी, काळा चेहरा आणि पंखांची काळी किनार हेच डोक्यात बसतं. त्याचं पिल्लू मात्र तपकिरी असतं, त्यामुळे ते सहज ब्राउन बूबी समजलं जातं. ब्राउन बूबीचा तपकिरी रंग छातीपर्यंत उतरतो आणि तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो. आमच्या पाहुण्याचा गळ्यापाशीच संपला होता. त्याने मान वळवली आणि मागच्या बाजूला पांढरी पट्टी दिसली. पंख पसरल्यावर आतली बाजूही बरीचशी पांढरी. मास्क्ड बूबीचं पिल्लूच! अशा वेळी चेहऱ्याचे दहा फोटो काढण्यापेक्षा मानेचा मागून एक आणि पंखाखालचा एक काढावा, असं मला मनापासून वाटतं.

ओमानजवळच्या हलानियात बेटांवर आणि सेशेल्समध्ये हे पक्षी घरटी करतात. एरवी त्यांचा मुक्काम खुल्या समुद्रावर. नैर्ऋत्येचा जोरदार वारा थकलेल्या, अननुभवी पिल्लांना आपल्या किनाऱ्याकडे ढकलतो.

तेवढ्यात एक जण चोच बांधायला सुतळी घेऊन आला. चोचीचा तडाखा जबर असतो, त्याची भीती रास्तच होती. पण बूबी उंचावरून पाण्यात सूर मारतो, आणि त्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात. श्वास तो तोंडाच्या कडेने घेतो. चोच घट्ट आवळली तर गुदमरून मरेल. म्हणून डोक्यावर पंचा टाकला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात त्याला ठेवलं. तोंडात पाणी ओतलं नाही, मासा कोंबला नाही, लाटांत परत सोडलं नाही. वनखात्याला फोन केला.

खोकं बंद करण्याआधी आजोबा वाकले, पंचा जरासा बाजूला करून त्यांनी मान पाहिली.

"पट्टो आसा मरे!"