डिकीत दोन सीट वाढवताय? आधी आरसी काढून बघा

पाच आसनी स्टेशन वॅगनच्या डिकीत दोन जादा सीट टाकायच्या ठरल्या की लोक आधी सीटवाल्याकडे जातात आणि आरटीओत सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. त्याच कलमात बदल १४ दिवसांत कळवण्याचाही उल्लेख आहे. त्यावरून ‘आधी बसवू, मग कळवू’ असा सोयीचा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. पण मनाई असलेला बदल कळवल्याने चालून जात नाही. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग अर्ज कोणी करावा? आरसीवर ७ आसनं आहेत आणि आधीच्या मालकाने मागची रांग फक्त काढून ठेवली असेल, तर कंपनीच्याच सीट आणि पट्टे मूळ जागी परत लावा. आसनसंख्या बदलत नाही, त्यामुळे त्या नोंदीसाठी अर्जही नको. आरसीवर ५ आहेत, पण त्याच मॉडेलची सात आसनी आवृत्ती कंपनीने मंजूर करून घेतलेली आहे, अशांनी अर्ज करून पाहावा. मंजुरी मिळेलच असं मात्र धरून चालू नये. सात आसनी आवृत्ती कधी निघालीच नसेल तर विषय सोडा.

डिकीतली चटई उचलली की बरंच कळतं. तिसऱ्या रांगेची तयारी असलेल्या गाडीत पत्र्याला जाड पट्टी जोडलेली असते, तिला नट वेल्ड केलेले असतात आणि भोकांवर रबरी बुचं असतात. तयारी नसलेल्या गाडीत नुसता पातळ पत्रा असतो. सीटबेल्टच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात (यूएन नियम १४) तीन टोकांच्या पट्ट्याला कंबरेच्या आणि खांद्याच्या भागावर प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १,३७५ किलोची ओढ देऊन पाहतात. पट्टा सीटच्याच सांगाड्याला जोडलेला असेल तर शिवाय सीटच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढ. साध्या पत्र्यातून बोल्ट वॉशरसकट उपटून येतो. बाजूला तोंड करून बसायच्या आडव्या बाकड्यांचा तर विचारच नको. समोरून धडक बसली की पट्टा कुशीला आवळतो.

वजनाचा हिशेब अर्जाआधी करा. समजा आरसीवर रिकामं वजन १,२५० आणि भारासह १,७५० किलो आहे. हातात ५०० उरले. माणशी ७५ प्रमाणे पाच जणांचे ३७५ गेले, राहिले १२५. दोन सीटचे ४० आणि दोन माणसांचे १५० मिळून १९० लागतात. सामानाची एक पिशवीही न ठेवता गाडी ६५ किलोंनी वर गेली! असा अर्ज करण्यात अर्थ नाही.

कागद असे लागतात: आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती. सगळ्यात जड कागद म्हणजे उत्पादकाचं पत्र: या चेसिस क्रमांकाच्या गाडीला सात आसनी रचना, अमुक भागक्रमांकाच्या सीट आणि पट्टे लागू आहेत, असं त्यात स्पष्ट हवं. ‘बसवायला हरकत नाही’ एवढ्या ओळीवर काम होत नाही. डीलरचं पत्र चालत नाही, सीट बनवून बसवणाऱ्या फॅब्रिकेटरचं बिल तर नाहीच.

परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून ‘अल्टरेशन’ निवडा, ओटीपी द्या, कागद चढवा, शुल्क भरा. जुनी चलानं आधी मिटवा, नाहीतर अर्ज अडकू शकतो. आरसीवरचा मोबाइल क्रमांक बंद असेल तर ओटीपीच येणार नाही, तोही आधी बदलून घ्या. परवानगी हातात आली की मगच काम करायचं आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यायची. सीटच्या पावत्या सोबत ठेवा. डोक्याचा आधार नाही, पट्टा दोनच टोकांचा आहे, स्टेपनीच्या खळग्यात भोकं पाडलीत, बोल्टचं टोक इंधनटाकीकडे किंवा ब्रेकच्या नळीकडे निघालंय, अशा गोष्टींवर गाडी परत पाठवली जाते आणि ते योग्यच आहे.

नव्या आरसीवर ७ दिसेपर्यंत मागे कोणाला बसवू नका. ती आली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत आसनसंख्येची दुरुस्ती करून घ्या. आणि चालकासह आठवी सीट नको: चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्याजोगी गाडी कायद्याच्या व्याख्येत साधी मोटारकार न राहता ‘ओम्निबस’ होते.